पाण्यावर चालणारी गाडी? छे, पाणी सांडणारी!

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहाला जमलं, की कुणीतरी तो जुना फॉरवर्ड काढतंच: ‘गडकरी पाण्यावर चालणाऱ्या गाडीतून संसदेत गेले.’ परवा कॅलिफोर्नियातल्या मित्राने दोस्तांसोबत घेतलेल्या टोयोटा मिराईच्या टेस्ट ड्राइव्हचा व्हिडिओ पाठवला आणि वाद पुन्हा पेटला. त्याने ‘एचटूओ’चं बटण दाबलं, गाडीखाली पाण्याचं थारोळं झालं. "बघ, पाणीच!"

पाणीच आहे, पण बाहेर पडणारं. भरतात तो हायड्रोजन. ३० मार्च २०२२ रोजी गडकरी आले तीही मिराईच. तिच्या टाक्यांत सुमारे साडेपाच किलो हायड्रोजन ७०० बार, म्हणजे हवेच्या सुमारे सातशेपट दाबाने मावतो. फ्युएल सेलमध्ये त्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, वीज तयार होते, त्यावर मोटर फिरते. किलोमागे नऊएक लिटर पाणी तयार होतं. ही हायड्रोजनची राखच म्हणा. राखेवर भाकरी भाजत नाही.

मग गाडीतच पाण्यातून हायड्रोजन काढला तर? एक किलो काढायला पन्नासेक युनिट वीज जाते, फ्युएल सेल परत देतो वीसच्या आसपास. बॉनेटखाली पाण्याची बाटली जोडून मायलेज दुप्पट करून देणारे नेमकं हेच सांगत नाहीत. बाटलीतल्या पाण्यातून हायड्रोजन काढायला लागणारी वीज इंजिनच पुरवतं, म्हणजे तुमचंच पेट्रोल जळतं!

साताऱ्यात हायड्रोजनचा पंप नाही. मिराई आणलीच, तर यवतेश्वरचा घाट झकास चढेल. टाकी संपली की मात्र भरवसा उताराचाच.