अडीचकीपासून ‘वीस एक’पर्यंत

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचे इयत्ता दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत पोहोचले आणि त्यातील ‘एकवीस, बावीस’साठी ‘वीस एक, वीस दोन’ या संख्यावाचनावरून राज्यभर वाद पेटला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही रीत पुढे आणली होती. जोडाक्षरांचा अडथळा टळावा आणि ज्या क्रमाने अंक लिहायचे त्याच क्रमाने ते बोलले जावेत, हा त्यामागचा विचार होता. विषय विधानसभेत गेला, थट्टाही भरपूर झाली. जे गणित आपल्या वाडवडिलांपासून चालत आले त्याला हात लावला, असा टीकेचा सूर होता. पण वाडवडिलांचे गणित म्हणून ज्याची आठवण काढली जाते ते मुळात बाजाराचे गणित होते, आणि बाजार बदलला तेव्हा ते कोणी वाद न घालता सोडून दिले, ही गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. सातारा आणि सांगली (१९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता) या पट्ट्यातील शाळांकडे पाहिले की हा प्रवास बराचसा स्पष्ट होतो.

पंतोजींच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर अंक गिरवी आणि पाढे सर्वांबरोबर मोठ्याने म्हणे. संध्याकाळी घरी दिवा लागला की परवचा, म्हणजे पाढ्यांची मोठ्याने उजळणी, होई. तीसपर्यंतच्या पाढ्यांवर हे थांबत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, असे पाव पटीपासून साडेतीन पटीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे त्यापुढे असत. आज ही नावे वाचणाऱ्याला ते निव्वळ घोकंपट्टीचे ओझे वाटते, आणि मार खाऊन शिकणाऱ्या मुलाला तेव्हाही ते तसेच वाटत असणार. परंतु त्यांतील प्रत्येक पाढ्याला काम नेमून दिलेले होते. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर, एवढे दोनच आकडे लक्षात घ्यावेत. शेराला एक आणा भाव असेल तर मणाचे चाळीस आणे होतात, म्हणजे अडीच रुपये. त्यामुळे गूळ शेराला सात आणे असेल, तर मणाची किंमत काढायला गुणाकार-भागाकार मांडण्याची गरजच नसे; अडीचकीतले ‘सात’ आठवायचे, साडेसतरा रुपये. शेराचे छटाकही सोळाच, म्हणून जिन्नस शेराला जितके रुपये तितकेच आणे छटाकाला. सांगलीच्या पेठेत हळद आणि गुळाच्या अडतीवर बसणाऱ्या माणसाला पाटी-पेन्सिलीशिवाय व्यवहार करता येई तो या जोरावर. पाठांतर हे त्या काळचे गणनयंत्र होते, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यात एक उणीव मात्र होती. अडीचकी का चालते हे मुलाला कोणी सांगत नसे.

हे गणित कोणाच्या मुलांना मिळायचे, हा दुसरा प्रश्न. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांनी १८१८ ते १८३९ या आपल्या कारकिर्दीत शाळा काढल्या, तरी हिशेब ही प्रामुख्याने कुलकर्णी, कारकून आणि व्यापारी यांची विद्या राहिली. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवावा अशी मागणी आहे. कर्जाच्या खतावर अंगठा उठवणाऱ्या कुणब्याला व्याज मोजता येणे ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हती. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली आणि १९३५ मध्ये प्राथमिक शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय सुरू केले. त्यानंतर डोंगरकपारीच्या गावांतूनही व्हॉलंटरी (स्वयंसेवी) शाळा निघाल्या. एका शिक्षकाने चार इयत्ता एकाच खोलीत सांभाळायच्या म्हटल्यावर पाढे मोठ्याने म्हणवून घेणे ही सोयही होती, हे विसरू नये.

खरा खांदेपालट झाला तो १ एप्रिल १९५७ रोजी, जेव्हा रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पुढील काही वर्षांत शेर, छटाक आणि मण जाऊन ग्रॅम आणि किलो आले. चाळीस आणि सोळा यांचे नाते तुटताच अडीचकीचे कामच उरले नाही. पाढ्यांची पुस्तके ती काही काळ छापत राहिली, जुने गुरुजी म्हणवून घेत राहिले, आणि मग सगळे हळूहळू विरून गेले. ‘औट’ म्हणजे साडेतीन हे आज फक्त ‘औट घटकेचा राजा’ या शब्दप्रयोगात उरले आहे, आणि तो वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना घटका किती हे ठाऊक नसते. सव्वा, दीड, अडीच मात्र बोलण्यात टिकले. पावणेदोनशे रुपये सहज म्हणणारे मूल १.७५ पाहून अडखळते, कारण या दोन्ही गोष्टींची गाठ वर्गात क्वचितच घालून दिली जाते.

१९६२ मध्ये प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या आणि १९६७ मध्ये बालभारती स्थापन होऊन सर्वत्र एकच पुस्तक झाले. शिकवण्याची रीत बदलायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली. सातारा तालुक्यातील कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धत, म्हणजे मुलाने हाताळून, अनुभवातून स्वतः शिकण्याची रीत, वर्गात उतरवून दाखवली. राज्यभरातून शिक्षक ती पाहायला येऊ लागले, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर तिचे अनुकरण दूरवर झाले. अशा वर्गात फरशीवर रंगाने आखलेली संख्यारेषा असते, मुले गोल करून खाली बसलेली असतात. तेवीस मागितले की मूल दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले दोन गठ्ठे पुढे ठेवते आणि तीन काड्या सुट्या मोजते. तेविसातून सात काढायचे झाले तर तीन सुट्या काड्या पुरत नाहीत; मग एका गठ्ठ्याचे रबर सोडावे लागते. ‘हातचा घेणे’ म्हणून फळ्यावर जे खोडाखोडीचे प्रकरण असते, ते इथे बोटांना कळते. अनुकरण करताना पुष्कळ ठिकाणी फरशी तेवढी रंगली आणि काड्या कपाटात राहिल्या, हेही खरे आहे.

‘वीस एक’ ही रीत याच काड्यांच्या जवळची आहे, कारण गठ्ठे आधी मांडले जातात आणि सुट्या नंतर. मराठीत मात्र ‘तेवीस’ म्हणताना तीन आधी येतात, आणि ‘एकोणतीस’ ऐकलेले मूल ‘तीस’ कानात धरून ३९ लिहून मोकळे होते. पुस्तकात नव्या रीतीबरोबर जुनी नावेही होती, तरी वाद जणू ती पुसून टाकल्यासारखा झाला. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील मूल एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणते, म्हणजे सरळ वीस आणि एक. त्याच गावातील मराठी शाळेतले मूल त्याच वयात उलट क्रम पाठ करते. दोघांनाही घरी जमीन गुंठ्यांत ऐकू येते, चाळीस गुंठ्यांचा एकर. आणि सातबाऱ्यावर ती हेक्टर-आर मध्ये लिहिलेली असते.