इकुत्सु

इकुत्सु हा जपानी भाषेतील संख्या आणि वय विचारण्याचा शब्द. मराठीतला एकटा ‘किती’ पैसे, माणसे, वेळ, वय या सगळ्यांना पुरतो. जपानीत ही कामे वाटून दिलेली आहेत. किंमतीला ‘इकुरा’, अंदाजे वेळ वा अंतर विचारायचे तर ‘दोनोकुराइ’ आणि सुट्या नगांना ‘इकुत्सु’. इकुत्सुचे उत्तर हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु अशा देशी संख्यांत देतात. ही माळ दहाला, म्हणजे ‘तोओ’पाशी संपते, पुढे चिनी उगमाचे आकडे येतात.

नगाचा प्रकार सांगायचा असला, की ‘नान’ला (किती) गणक, म्हणजे मोजायच्या वस्तूचा प्रकार दाखवणारा शब्द, जोडतात. माणसांना ‘नान्निन’, पुस्तकांना ‘नान्सात्सु’, कागदासारख्या चपट्या वस्तूंना ‘नाम्माइ’, पेन्सिल-बाटलीसारख्या लांबट वस्तूंना ‘नाम्बोन’. मराठीत ‘चार जण’मधला ‘जण’ असेच काम करतो, पण तिथे असे गणक ढीगभर आहेत. शिकणारा अडखळतो तो उच्चारात: एक बाटली ‘इप्पोन’, दोन ‘निहोन’, तीन ‘साम्बोन’. अशा वेळी तीनचे रूप आठवावे, प्रश्नाचा उच्चार बहुधा त्याच्यासारखाच होतो: साम्बोन तसे नाम्बोन, साम्बिकी (तीन लहान प्राणी) तसे नाम्बिकी.

आदराची बाजूही सांभाळावी लागते. उपाहारगृहाच्या दारात ‘नान्मेइसामा देसु का?’ असे विचारतात. त्यातले ‘मेइ’ आणि ‘सामा’ पाहुण्याच्या मानाचे. पाहुण्याने मात्र साधे ‘फुतारी देसु’ (दोघे आहोत) म्हणायचे. वयाचेही तसेच. लहान मुलाला ‘नान्साइ?’ चालते, मोठ्यांना ‘ओइकुत्सु देसु का?’ असे अदबीने विचारतात. उत्तरात आकड्याला ‘साइ’ लागतो, मात्र वीस वर्षांना ‘हाताची’ हा स्वतंत्र शब्द आहे.

जुन्या ‘काझोएदोशी’ पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरत आणि प्रत्येक नववर्षाला वय एकाने वाढे. त्यामुळे ३१ डिसेंबरला जन्मलेले बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे होई. आपल्याकडच्या ‘तेरावे लागले’ची आठवण व्हावी, पण आपले वर्ष वाढदिवसाला लागते, त्यांचे नववर्षाला. पूर्ण वर्षे मोजण्याचा कायदा १९०२ सालीच झाला होता, तरी लोक जुनीच रीत पाळत. मग १९५० पासून अमलात आलेल्या दुसऱ्या कायद्याने पूर्ण वर्षांतच वय सांगण्यावर भर दिला.

१ एप्रिल २०२२ पासून सज्ञानतेचे वय २० वरून १८ झाले. तरीही अनेक नगरपालिका तरुणांचा सोहळा विसाव्या वर्षीच, ‘हाताचीचा मेळावा’ अशा नावाने करतात.