हॉटेलातील कॉकटेल बारची सेवा

बड्या हॉटेलाच्या बारमध्ये पाहुणा आत आल्यापासून बिल चुकते होईपर्यंत त्याची जी बडदास्त ठेवली जाते, ती. उपाहारगृहात पदार्थ आत भटारखान्यात शिजतो आणि वाढपी तो घेऊन येतो. बारच्या काउंटरवर बनवणारा आणि देणारा बहुधा एकच असतो, तोही समोर उभा. माप कमी पडले तर दिसते, कंटाळा आला तरी दिसतो.

या सेवेचा नेहमी दिला जाणारा दाखला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील ‘अमेरिकन बार’चा आहे. तेथे १९०३ पासून एडा कोलमन ही बाई काउंटर सांभाळत असे. नट चार्ल्स हॉट्री कामाने थकून येई आणि जरा जोरदार काहीतरी दे म्हणे. तिने जिन आणि गोड व्हर्मूथ (वनस्पतींनी सुगंधित केलेली वाइन) यांमध्ये फर्नेट-ब्रान्का या कडू इटालियन मद्याचे थोडे थेंब घालून नवे पेय केले. ते पिऊन हॉट्रीच्या तोंडून निघालेला ‘हँकी पँकी’ हा उद्गार त्या पेयाचे नाव होऊन बसला. पुढे अमेरिकेतल्या दारूबंदीमुळे मायदेशी परतलेला हॅरी क्रॅडॉक याच बारमध्ये आला. त्याचे कॉकटेलकृतींचे पुस्तक १९३० साली निघाले.

प्रत्यक्ष काम असे चालते. पाहुणा बसला की आधी पाणी, रुमाल आणि चखण्याची वाटी. मग ‘काय घेणार?’ याऐवजी गोड आवडते की कडू, हलके हवे की कडक, अशी चौकशी. मद्य जिगरने मोजतात. हे डमरूसारखे, दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या मापाचे भांडे. आपल्या काळजाशी त्याचा संबंध नाही. फळांचा रस असेल तर शेकर या झाकणाच्या भांड्यात हलवायचे, नुसती मद्ये असतील तर लांब दांड्याच्या चमच्याने बर्फावर ढवळायचे. ढवळताना बर्फ वितळून होणारे पाणी हाही पेयाचाच घटक असतो, पण ते बेताचेच हवे; म्हणून चांगला बारटेंडर मोठा, कडक बर्फ वापरतो आणि ग्लास आधीच गार करून ठेवतो.

बोलायचे किती, हे मात्र कोणत्याही प्रशिक्षणात पुरते शिकवता येत नाही. एकट्या आलेल्या माणसाला गप्पा हव्या असतात किंवा मुळीच नको असतात. ज्याला जास्त झाली आहे त्याला थांबवणे हेही कामच: पाण्याचा ग्लास पुढे सरकतो, खायला काही सुचवले जाते, गाडीची सोय विचारली जाते, आणि हे सारे शेजारच्या खुर्चीला ऐकू न जाता.

थाट सगळीकडे सारखा नसतो. सिंगापूरच्या रॅफल्स हॉटेलातील ‘लाँग बार’मध्ये शेंगांची टरफले सरळ जमिनीवर टाकायची रीत आहे.

मुंबईत ताजमहाल हॉटेलातील ‘हार्बर बार’ १९३३ चा. शहरातला हा पहिला परवानाधारक बार, असे हॉटेल सांगते. महाराष्ट्रातील बारसेवेवर एका विसंगतीची छाया आहे: दारू देण्याघेण्याचे परवाने येथे मिळतात ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. ‘परमिट रूम’ हा शब्द त्यातूनच रुळला. कायद्याने पिणाऱ्यालाही परवाना लागतो. बिअरसाठी वय २१, कडक मद्यासाठी २५ पूर्ण हवे. तेव्हा चोविशीच्या तरुणाला कॉकटेल नाकारून बिअर सुचवायची, आणि त्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, अशी कसरत बारटेंडरच्या वाट्याला येते.

बिल बंद फोल्डरमध्ये येते. मुक्कामी पाहुणा खोली क्रमांक लिहून सही करतो. खाण्यावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट असे दोन कर त्यात दिसतात, कारण पिण्याचे मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. सेवाशुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. टीप अर्थात पाहुण्याच्या मर्जीवर.