पतचौकशी

कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देण्याआधी बँक अर्जदाराचा पतअहवाल, म्हणजे त्याच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, मागवते, ती पतचौकशी. बोलीभाषेत ‘सिबिल काढणे’. भारतात हे अहवाल ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार पतमाहिती कंपन्या ठेवतात. त्यांचा कारभार २००५ च्या कायद्यानुसार रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतो. सिबिल हे त्यांतल्या एकीचेच नाव, पण लोकांच्या तोंडी आता तेच पतगुणांकाचे, म्हणजे या नोंदींवरून काढलेल्या आकड्याचे, नाव झाले आहे.

अहवालात चौकशांचा वेगळा तक्ता असतो. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कसल्या आणि किती रकमेच्या कर्जासाठी विचारणा केली, एवढेच त्यात कळते. कर्ज मिळाले की नाही, हे त्या ओळीत नसते. त्यामुळे महिन्याभरात पाच चौकशा दिसल्या आणि नवे खाते एकही नसले, तर पाच ठिकाणी नकार मिळाला असावा, अशी शंका बँकेला येते. मोबाइलच्या दुकानात हे सहज घडते. हप्त्यावर फोन घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाचा पॅन नंबर काउंटरवरचा मुलगा एका फायनान्स कंपनीत टाकतो, फाइल अडकली की दुसरीत, मग तिसरीत. गिऱ्हाइकाच्या लेखी खरेदी एकच, अहवालात मात्र तीन चौकशा.

एखाद्-दुसऱ्या चौकशीने ३०० ते ९०० च्या गुणांकात फारसा फरक पडत नाही. हप्ते वेळेवर भरले का आणि कार्डाची मर्यादा किती वापरली, याचे वजन त्याहून खूप जास्त. गुणांकाचे नेमके सूत्र जाहीर नसल्याने ‘एका चौकशीला इतके गुण जातात’ असे ठामपणे सांगणाऱ्यांवर विसंबू नये. आपला अहवाल आपण पाहिला तर एकही गुण जात नाही. प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल गुणांकासह मोफत मिळतो. नुसत्या भीतीपोटी तो न मागवणे हे नुकसानच.

चौकशीचा खरा उपयोग पहारेकऱ्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, एखाद्या संस्थेने अहवाल पाहिला की पतमाहिती कंपनीने ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेल पाठवायचा असतो. अर्जच केलेला नसताना असा संदेश आला, तर आपला पॅन दुसऱ्याच्या हाती लागल्याची ती पहिली खूण असू शकते. ही सूचना चौकशी रोखत नाही, पण कर्जाचे पैसे उचलले जाण्याआधी हालचाल करायला वेळ देऊ शकते. बँकेत जुना, बंद पडलेला नंबर नोंदलेला असेल तर मात्र ती पोहोचतच नाही. नंबर बदलला की आधी तो बँकेत कळवावा.

अनोळखी चौकशी दिसल्यास त्या संस्थेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते; पतमाहिती कंपन्या १ सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत.