ट्रॅप म्यूझिक

अमेरिकेतील अटलांटा शहराचा रॅपर टी. आय. (क्लिफर्ड हॅरिस, जन्म १९८०) याचा ‘ट्रॅप म्यूझिक’ हा दुसरा अल्बम १९ ऑगस्ट २००३ रोजी ग्रँड हसल व अटलांटिक या कंपन्यांतर्फे प्रसिद्ध झाला. अमली पदार्थांची विक्री जिथे चालते, अशा घराला किंवा ठिकाणाला अटलांटात ‘ट्रॅप’ म्हणतात. २००१ मधील पहिल्या अल्बमचा खप बेताचाच राहिल्याने अरिस्टा कंपनीशी असलेला टी. आय.चा संबंध तुटला होता; मात्र मिक्सटेपच्या (मोठ्या कंपनीविना स्वतः वाटलेल्या गाण्यांच्या संग्रहांच्या) जोरावर त्याने अमेरिकेच्या दक्षिणेत स्वतःचा श्रोतृवर्ग उभा केला आणि नवा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या अल्बमांच्या यादीत थेट चौथ्या क्रमांकावर दाखल झाला.

याच शब्दावरून नाव पडलेला ट्रॅप हा रॅपचा प्रकार म्हटला की आज सरसर वाजणारी हाय-हॅट (ड्रमच्या संचातील झांजांची जोडी) आणि सिंथेसायझरचे काळोखे सूर आठवतात. हा अल्बम त्या मानाने ऊबदार आहे. रोलंड टीआर-८०८ या तालयंत्राचा घुमत राहणारा खर्ज दक्षिणेतल्या रॅपमध्ये आधीच रुळला होता. त्याला इथे सोल या जुन्या कृष्णवर्णीय गायनशैलीच्या संगीताची जोड मिळते. ‘बी ईझी’मध्ये संगीतनिर्माता डीजे टूम्पने सोल गायक अल विल्सनच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा वापरला आहे, तर डेव्हिड बॅनरने संगीत दिलेल्या ‘रबर बँड मॅन’मध्ये ऑर्गन आणि लहान मुलांचे आवाज ऐकू येतात. त्यावर टी. आय.चे उच्चार अटलांटाच्या वळणाने लांबट, पण शब्दफेक चपळ आणि सहज.

अल्बमचे खरे मोल त्याच्या भूमिकेत आहे. कान्ये वेस्टने संगीत दिलेल्या ‘डूइन माय जॉब’मध्ये विक्रेता वस्तीतल्या शेजाऱ्यांना उद्देशून बोलतो आणि आपला धंदा म्हणजे पोटापाण्याचे काम आहे, हे न ओरडता, जवळजवळ आर्जवाने समजावतो. ‘टी. आय. व्हर्सेस टी. आय. पी.’मध्ये कलावंत आणि रस्त्यावरचा तरुण अशी एकाच माणसाची दोन रूपे भांडतात, आणि ‘बी बेटर दॅन मी’मध्ये तो धाकट्यांना आपला मार्ग न धरण्याचे बजावतो. बढाई आणि पश्चात्ताप यांपैकी एकाचीही बाजू खोटी वाटत नाही, हे या अल्बमचे सामर्थ्य होय.

‘ट्रॅप’ हा शब्द अटलांटाच्याच आउटकास्ट या रॅप जोडीच्या १९९८ मधील गाण्यातही येतो, त्यामुळे टी. आय.ला या प्रकाराचा एकमेव जनक मानता येत नाही. तरीही २००५ मध्ये यंग जीझी आणि गुची मेन या रॅपरांचे अल्बम आले, तेव्हा या संगीताचे नाव श्रोत्यांना आधीच ठाऊक झालेले होते.