प्रोग्रॅम बदलला, तरी जुनाच का चालतो?

मेनफ्रेम ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे एक तक्रार ठरलेल्या शब्दांत येते: "दुरुस्ती केली, कंपाइल झालं, लिंक झालं, रिटर्न कोड शून्य, पण जॉब पहिल्यासारखाच वागतोय." अशा वेळी कोड उघडण्याआधी आम्ही विचारतो, चालली ती प्रत कुठल्या लायब्ररीतली?

जेसीएलमध्ये (जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या सूचनांत) पीजीएम= पुढे नुसतं नाव असतं, पत्ता नसतो. झेड/ओएस (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) त्या नावाचं मॉड्यूल, म्हणजे चालवायला तयार प्रोग्रॅम, ठरलेल्या क्रमाने शोधतं आणि पहिलं सापडेल ते उचलतं. पुढे आणखी चार प्रती असल्या, तरी तिकडे ढुंकूनही पाहत नाही.

शोधाचा क्रम

आधी जॉबच्या स्वतःच्या मेमरीत आधीच लोड झालेली प्रत, मग टास्कलिब (चालू टास्कने स्वतः दिलेली लायब्ररी), मग स्टेपलिब किंवा जॉबलिब (जेसीएलमध्ये एका स्टेपसाठी किंवा पूर्ण जॉबसाठी दिलेली लायब्ररी), त्यानंतर एलपीए (सर्वांच्या सामाईक मेमरीत आधीच ठेवलेली मॉड्यूल्स) आणि सर्वांत शेवटी लिंकलिस्ट (सिस्टिमच्या सामाईक लायब्ररींची यादी). कुठेच सापडलं नाही, तर एस८०६ अबेंड (स्टेप मध्येच बंद पडणं). तो परवडला, निदान लगेच कळतो. चुकीची प्रत सापडते तेव्हा कोणीच ओरडत नाही.

स्टेपलिब आणि जॉबलिब एकत्र चालत नाहीत. स्टेपमध्ये स्टेपलिब दिली, की त्या स्टेपपुरती जॉबलिब बाद. मॉड्यूल स्टेपलिबमध्ये नसलं, तरी शोध जॉबलिबकडे न वळता थेट एलपीएकडे जातो. स्टेपलिबखाली अनेक डेटासेट (मेनफ्रेमवरच्या फायली; लायब्ररी हाही एक डेटासेटच) जोडलेले असतील, तर वरचा जिंकतो. कुणीतरी चाचणीसाठी वर लावलेली आणि काढायची राहिलेली लायब्ररी आम्हाला बरेचदा तिथेच सापडते.

टीएसओवर (टर्मिनलवरून थेट काम करताना) नवं, बॅचमध्ये जुनं असं दिसत असेल, तर आयएसपीएललिब बघा. आयएसपीएफमध्ये (टीएसओवरच्या मेनू-पडद्यांत) ही लायब्ररी टास्कलिब म्हणून स्टेपलिबच्याही आधी शोधली जाते. बॅच जॉबला तिचा पत्ताही नसतो.

लिंकलिस्टमधलं भूत

लिंकलिस्टमधल्या लायब्ररीत नवी प्रत टाकली, तरी जुनी चालू राहू शकते, कारण त्या लायब्ररींच्या डिरेक्टरीची (कुठलं मॉड्यूल डिस्कवर कुठे आहे त्या यादीची) नक्कल एलएलए (सिस्टिमची एक सेवा) मेमरीत ठेवतं. पीडीएस या प्रकारच्या लायब्ररीत नवी प्रत मोकळ्या जागेत लिहिली जाते आणि जुनी डिस्कवर तशीच पडून राहते. एलएलएच्या नोंदीत तिचाच पत्ता असतो, म्हणून ती बिनबोभाट चालते. ऑपरेटरने "एफ एलएलए,रिफ्रेश" दिलं, की नवी प्रत दिसू लागते. एलएलएच्या ताब्यात असताना अशी लायब्ररी कॉम्प्रेस करू नका (जुन्या प्रतींची जागा मोकळी करण्यासाठी मॉड्यूल्स सरकवू नका): जुन्या पत्त्यावर भलतंच काही येऊन बसतं. एलपीएमधलं मॉड्यूल तर नुसती लायब्ररी बदलून बदलत नाही. सीएलपीए (एलपीए नव्याने भरण्याचा पर्याय) देऊन आयपीएल (सिस्टिम पुन्हा सुरू करणं) हवा किंवा "सेटप्रॉग एलपीए,ॲड" ही ऑपरेटर कमांड.

कोबॉलवाल्यांसाठी

सबरूटीनचं नाव अवतरणचिन्हांत आणि कंपाइल पर्याय नोडायनॅम असेल, तर तो कॉल स्टॅटिक. सबरूटीन मुख्य प्रोग्रॅमच्या लोड मॉड्यूलमध्येच शिवलेली असते. मग लायब्ररीत तिची कितीही ताजी प्रत ठेवा, मुख्य प्रोग्रॅम पुन्हा लिंक केल्याशिवाय फरक पडणार नाही.

कसं बघायचं

प्रोसिजर (जेसीएलचे तयार तुकडे) उलगडल्यानंतरचं जेसीएल जॉबच्या आउटपुटमध्ये असतं; स्टेपलिबचा खरा क्रम तिथे बघा, स्वतःच्या मेंबरमध्ये (लायब्ररीत ठेवलेल्या तुमच्या जेसीएलमध्ये) नाही. टीएसओवर आयएसआरडीडीएन या साधनात "मेंबर" कमांडला नाव दिलं, की ते मॉड्यूल कुठल्या कुठल्या डीडीत (डेटासेट जोडणाऱ्या नावाखाली) आहे ते दिसतं. मात्र हे चित्र तुमच्या सेशनचं असतं, जॉबचं नाही. लिंकलिस्टसाठी ऑपरेटर कमांड "डी प्रॉग,एलएनकेएलएसटी"; एलपीएसाठी "डी प्रॉग,एलपीए,मॉडनेम=" आणि पुढे नाव. सीआयसीएसमध्ये (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सिस्टिममध्ये) काम सोपं आहे: तिथल्या सीईएमटी कमांडच्या इन्क्वायर प्रोग्रॅममध्ये लोड झालेल्या प्रतीचा डेटासेट दिसतो. तिथे नवी प्रत उचलायला न्यूकॉपी किंवा फेजइन द्यावं लागतं.

दोन प्रतींपैकी नवी कुठली याचा निकाल एएमबीलिस्ट या युटिलिटीच्या लिस्टआयडीआर यादीतल्या तारखा लावतात. आमचा आवडता उपाय मात्र त्याहून साधा आहे: कोबॉल प्रोग्रॅमच्या सुरुवातीला व्हेन-कंपाइल्ड (कंपाइल झाल्याची तारीख आणि वेळ) डिस्प्ले करा. एका ओळीचं काम, आणि कुठली प्रत चालली हे प्रोग्रॅम स्वतःच सांगतो.

आम्हाला कळवताना

जॉबचं संपूर्ण आउटपुट पाठवा, अबेंडच्या आसपासच्या दहा ओळी नकोत. सोबत मॉड्यूलचं नाव, नवी प्रत कुठल्या डेटासेटमध्ये टाकली ते, आणि त्यानंतर एलएलए रिफ्रेश झालं का, तेही लिहा.