ओलीवर पिकणारा शाळू

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी होते ती १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान. पुढे एखादी सर आली तर आली. एरवी फेब्रुवारीत काढणी होईपर्यंत वरून पाणी नाही, आणि बऱ्याच रानांत विहिरीचंही नाही. तरी ज्वारी येते, कडबा येतो. कोरडवाहू भाग जगवायचा म्हटलं की बाहेरून पाणी कसं आणता येईल याचीच चर्चा होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: पडलेला पाऊस मातीत किती मुरतो आणि तिथे किती दिवस टिकतो?

भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण बरेचदा निम्म्याहून जास्त असतं. या मातीचे कण अतिसूक्ष्म पापुद्र्यांचे असतात. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते आणि पाणी धरून ठेवते. मीटरभर खोल जमिनीत पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावतं. १ मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १० हजार लिटर. म्हणजे एका हेक्टरात १५ ते २० लाख लिटरचा साठा, तोही मुळांच्या अगदी जवळ. शेजारच्या माळावरच्या वीतभर मातीत मात्र याचा लहानसा अंशच राहतो.

हा साठा भरायचा कधी? सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. जून-जुलैचा भरवसा नसतो. म्हणून भारी रान खरिपात मोकळं ठेवून पाऊस जिरवण्याची इथली रीत आहे. उताराला आडवी नांगरट करायची, जुलैत साधारण ३.६० बाय ३.६० मीटरचे सपाट वाफे बांधायचे, आणि पडेल तो पाऊस जागच्या जागी थांबवायचा. बांधाच्या खाली वाहून गेलेल्या पाण्याबरोबर मातीही जाते, आणि माती गेली की साठवणीची जागाच कमी होते.

साठवलेलं पाणी टिकवणं त्याहून अवघड. वाळताना काळी माती आकसते आणि भेगाळते. भेगा खोल गेल्या की आतली ओलही उडून जाते. इथे कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती हलवणारं अवजार, कामाला येतं. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचं (मधे फट असलेल्या पात्याचं) कोळपं, पाचव्यात अखंड पासेचं (सलग पात्याचं), आठव्यात दातेरी. आठव्या आठवड्यात ज्वारी चांगली वाढलेली असते. दातेरी कोळपं दोन ओळींमधली वरची माती भुसभुशीत करतं, भेगा बुजतात आणि कोरड्या मातीचा थर खालच्या ओलीवर पांघरला जातो. खालून वर चढणाऱ्या पाण्याची वाट तुटते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी दिल्यासारखं, असं शेतकरी म्हणतात, ते याचमुळे. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३पासून चालू आहे. त्यातला फार मोठा भाग अशा साध्या वाटणाऱ्या मशागतीचा आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

पीकही तसंच काटकसरी लागतं. ज्वारीच्या पानांवर आणि ताटावर पांढरट मेणाचा थर असतो. ताण पडला की पानं गुंडाळली जातात. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार ताटं बसतात. विरळणी टाळून जास्त ताटं ठेवली तर कणसं निसवण्याआधीच ओल संपते. खरी परीक्षा दाणा भरताना असते. तेव्हा पाणी कमी पडलं की जमिनीतली बुरशी ताटात शिरते, ताट आतून पोकळ होऊन लोळतं. हा खडखड्या रोग. ज्या वाणांची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात, ते फुलोऱ्याआधी पाणी बेतानं वापरतात आणि दाण्यांसाठी राखतात. म्हणून वाण जमिनीची खोली पाहून निवडायचा: हलक्या जमिनीला लवकर येणारी फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. १९३०च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेला मालदांडी ३५-१ भाकरीच्या चवीमुळे आजही लोकांना हवा असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

एवढं असूनही शाळूचं क्षेत्र गेली काही दशकं घटत आलं आहे. ज्याला पाणी मिळालं तो उसाकडे वळला, आणि उसाला वर्षाला २ हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे. ज्वारीचा हिशोब आपण क्विंटलमध्ये करतो आणि कडबा विसरतो. दुष्काळी सालात दावणीची म्हैस विकायची की ठेवायची, हे कडब्याच्या पेंड्यांवर ठरतं. बुटक्या, जास्त दाण्याच्या संकरित वाणांना रब्बीत फारसा थारा मिळाला नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. काढणीत तर अडचण आणखी मोठी. पूर्ण कडबा हाती यावा म्हणून ताटं मुळासकट हातानं उपटतात. कडक, भेगाळलेल्या जमिनीतून दिवसभर ताटं उपटण्याचं हे काम हात सोलवटून काढतं, आणि त्याला आता मजूर मिळत नाहीत. कापणीची बरीच यंत्रं दाण्यासाठी बनलेली आहेत. दाणा आणि लांब कडबा दोन्ही सांभाळणारं, लहान शेतकऱ्याला भाड्यानं परवडेल असं यंत्र गावात पोचलं, तर ज्वारी सोडण्याच्या बेतात असलेले बरेच जण ती पुन्हा पेरतील.